वेरूळची राणी : सांताक्रूझ ते बोगमाळो

स्मरणिकेसाठी 'आपल्या परिसराचा इतिहास' या सदरात काही लिहा, असा निरोप आला तेव्हा घाटकोपरवर लिहिणारे माझ्याआधी बरेच जण तयार असणार हे माहीत होते. झुनझुनवाला कॉलेज, पंतनगर, भटवाडी, असल्फाची टेकडी हे विषय त्यांच्याकडेच राहू देत. मी लिहितो आहे ते आपल्या डोक्यावरून गेलेल्या इतिहासाबद्दल, आणि तोही एका विमानापुरता. ते विमान आज गोव्यात उभे आहे. आपल्यापैकी निम्मे तरी दाबोळीला उतरून बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेले असतील. त्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय लागते. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झाले. आवारात बरीच विमाने आहेत, पण त्यातले एक सगळ्यांत मोठे, माशासारख्या बाकदार अंगाचे आणि तीन शेपट्यांचे. अंगावर नौदलाची खूण आणि 'आयएन ३१५' हा क्रमांक. ते लॉकहीड कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि 'बॉम्बर असेल' असे म्हणून पुढे जातात.

ते बॉम्बर नाही. त्याचा जन्म प्रवासी विमान म्हणून झाला आणि त्याचे पहिले घर आपल्या सांताक्रूझचे. एअर इंडियाने त्याचे नाव ठेवले होते 'रानी ऑफ एलोरा'. एअर इंडियाच्या सगळ्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांना राण्यांची नावे होती. झाशीची राणी समजू शकते, पण वेरूळची राणी कोण, हे आपल्या इतिहासाच्या सरांनाही सांगता आले नसते. जाहिरात खात्याची कल्पना. नाव मात्र छान होते.

आधी सांताक्रूझबद्दल थोडे. मुंबईचा जुना विमानतळ म्हणजे जुहू, १९२८ पासूनचा. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा आणि धावपट्टीही लहान. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी सांताक्रूझचा तळ उभा राहिला आणि युद्ध संपल्यावर मुलकी वाहतूक तिकडे सरकली. दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ की चुकामूक होणे ठरलेलेच. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे एक मोठे जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले, तेव्हा आपण सहावीत होतो आणि आठवडाभर शाळेत दुसरा विषय नव्हता. पूर्वेकडून सांताक्रूझला उतरणारी विमाने घाटकोपरवरूनच जातात. वर्गात बाईंचे वाक्य मध्येच तुटायचे, सगळे थांबायचे, आणि विमान गेल्यावर बाई त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या. १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले ७४७ आले तेव्हा तर मागच्या बाकावरची मुले थेट खिडकीत गेली होती.

राण्या मात्र आपण शाळेत जायच्या आधीच सांताक्रूझ सोडून गेल्या होत्या. त्यांची गोष्ट आपल्या वडिलांच्या पिढीची.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ते साधे कॉन्स्टेलेशन, म्हणजे राण्यांची थोरली बहीण. १९५४ पासून लांबी वाढवलेली सुपर कॉन्स्टेलेशन येऊ लागली. साधारण ३५ मीटर लांब, पंखांचा विस्तार साडेसदतीस मीटर. तीन शेपट्या शोभेसाठी नव्हत्या. एवढ्या विमानाला एकच उभी शेपटी द्यायची तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरमध्ये शिरली नसती, म्हणून एकीच्या तीन केल्या. नाक खाली आणि कंबर वर असे अंगही कारणाने होते. पंखे मोठे, म्हणून पुढचा पाय उंच, आणि तो आणखी लांब होऊ नये म्हणून नाक खाली वळवलेले. दिसायला सुंदर, बनवायला महाग. सरळ नळकांड्यासारख्या विमानात एका मापाच्या चौकटी एकामागून एक लावता येतात. या विमानात चौकटीमागे चौकट बदलत जाते. माझी सारी नोकरी विमानांच्या सांगाड्याच्या आणि पत्र्याच्या कामात गेली, म्हणून सांगतो, असल्या अंगावरचा एक पत्रा खराब झाला तर शेजारचा काढून लावता येत नाही. नवा हाताने ठोकून, वाकवून, त्या जागेचाच बनवावा लागतो. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

इंजिने चार, राइट कंपनीची, प्रत्येकी १८ सिलिंडरची. सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका विमानाला १४४. प्रत्येक इंजिन सुमारे सव्वातीन हजार अश्वशक्तीचे. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर तीन छोटी टर्बाइन फिरवून ती शक्ती परत मुख्य दांड्याला द्यायची, अशी त्यात युक्ती होती. 'शक्ती परत मिळवणारे टर्बाइन' असे त्याचे नाव, आणि जगभरचे मेकॅनिक त्याला 'सुटे भाग परत मिळवणारे टर्बाइन' म्हणत. ही इंजिने तापत, तेल ओकत, आणि चारपैकी एक बंद करून उतरावे लागणे इतके नेहमीचे की 'जगातले सर्वोत्तम तीन इंजिनांचे विमान' अशी कॉन्स्टेलेशनची थट्टा व्हायची. आमच्या चाळीतले एक काका सांताक्रूझला इंजिन खात्यात होते. ते सांगत की बराच वेळ उभ्या राहिलेल्या इंजिनाचे तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरते. तसेच सुरू केले तर तेल दबत नाही, दांडा वाकतो. म्हणून आधी चार माणसांनी पंखा हाताने फिरवायचा, पाती मोजत मोजत. त्यांच्या शर्टाचा तेलाचा वास आमच्या जिन्यात कायमचा मुरलेला होता.

थोरल्या बहिणींमधल्या एकीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्यात विमान दुरुस्त करणाऱ्या माणसांची किंमत कळते. ११ एप्रिल १९५५ रोजी 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून जाकार्ताला जात असताना तिच्यात बॉम्बस्फोट झाला. बांडुंग परिषदेला निघालेले चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. कॅप्टन दामोदर जटार यांनी पेटते विमान समुद्रावर उतरवले. १९ पैकी तिघे वाचले आणि त्यातले एक होते देखभाल अभियंता अनंत कर्णिक. त्यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले. विमान उडवणाऱ्यांची नावे इतिहासात राहतात. पाना-पक्कड चालवणाऱ्याचे नाव राहायला असे काहीतरी भयंकर घडावे लागते.

१९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दोन वर्षांत एअर इंडियाचा सगळा ताफा जेट विमानांचा झाला. पंख्याची विमाने एका रात्रीत म्हातारी झाली. त्यातली बरीच, वेरूळची राणीसुद्धा, भारतीय हवाई दलाने घेतली.

हवाई दलात या राण्यांनी केले ते मुख्यतः समुद्रावरच्या टेहळणीचे काम. पुण्याच्या लोहगाव तळावर ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन होते, आणि त्याच स्क्वाड्रनकडे दुसऱ्या महायुद्धातली लिबरेटर बॉम्बर विमानेही होती. या लिबरेटरची कहाणी जुनी विमाने जपण्याच्या आपल्या विषयात सोन्यासारखी आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला ही विमाने मुद्दाम मोडून टाकलेली होती, कुणी वापरू नयेत म्हणून. हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या माणसांनी त्या भंगारात फिरून जमतील तेवढी जुळवली. त्यांचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कशीबशी उडवून बंगळूरला नेली, आणि तिथे नीट करून चाळीसहून अधिक विमाने हवाई दलाला दिली. पुण्यात ती १९६८ पर्यंत उडाली. तोवर जगात इतर ठिकाणची लिबरेटर वितळवून भांडी झाली होती. त्यामुळे ब्रिटन, अमेरिका, कॅनडा इथल्या संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले तेव्हा ते भारतात मिळाले. लंडनच्या हवाई दल संग्रहालयाला भेट मिळालेले लिबरेटर १९७४ मध्ये भारतातून उडत गेले. तेही याच ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे. कानपूरच्या भंगारवाल्याला विकायची गोष्ट आज परदेशातल्या संग्रहालयात उभी आहे, आणि तिथपर्यंत ती पोचली ती तिला कामाला लावल्यामुळे. जपायचे म्हणून कुणी जपलेले नव्हते.

राण्यांचेही तसेच झाले. १९७१ च्या डिसेंबरात आपण पाचवीत होतो. खिडक्यांना काळे कागद, भोंगा, दिवे बंद, आणि चाळीच्या जिन्याखाली दाटीवाटीने बसलेली माणसे. त्याच दिवसांत पुण्याच्या सुपर कॉन्स्टेलेशन अरबी समुद्रावर तासन्‌तास गस्त घालत होत्या. लांब पल्ल्यासाठी बनवलेले प्रवासी विमान या कामाला बरे पडते. वेग कमी, तेल भरपूर, आणि माणसांना डोळे फाडून खाली बघायला खिडक्या आयत्याच. मात्र ती म्हातारी आणि हळू होती, शत्रूचे एखादे लढाऊ विमान गाठते तर तिला पळता आले नसते. तिच्यात बसून जाणाऱ्यांना हे माहीत होते.

१९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीची जबाबदारी हवाई दलाकडून नौदलाकडे आली. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला दाबोळीला ३१२ क्रमांकाचे नौदल स्क्वाड्रन स्थापन झाले ते पाच सुपर कॉन्स्टेलेशनवर. आपण दहावी झालो त्याच वर्षी राणीची तिसरी नोकरी सुरू झाली. १९८० नंतर थोड्याच वर्षांत ती निवृत्त झाली. पुढे त्या स्क्वाड्रनला रशियन बनावटीची टुपोलेव विमाने मिळाली. भारतात अशा विमानांपैकी आज एवढे एकच उरले आहे.

आता मुद्द्याकडे येतो. असे विमान संग्रहालयात उभे करायचे म्हणजे काय करायचे?

लोकांना वाटते, धुवायचे आणि रंग द्यायचा. रंग हे शेवटचे काम. आधी पोटातले सगळे द्रव काढायचे: इंधन, तेल, हायड्रॉलिकचे तेल. उरलेले इंधन वर्षानुवर्षे टाकीत राहिले तर राळ होते. जुन्या घड्याळांसारख्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग असे, त्या तबकड्या जपून हाताळाव्या लागतात. मग वजन टायरवरून काढायचे, म्हणजे खाली आधार द्यायचे, कारण उन्हात उभा टायर चिरतो आणि विमान एका बाजूला कलते. त्या काळी चाके मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असत, आणि खाऱ्या हवेत मॅग्नेशियम साखरेसारखे विरघळते म्हटले तरी चालेल.

खरा शत्रू मात्र पत्र्याच्या आतला. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा म्हणतात, पण निव्वळ ॲल्युमिनियम मऊ असते. ताकदीसाठी त्यात तांबे मिसळतात आणि तांबे मिसळले की तो गंजायला सोपा होतो. यावर तोड म्हणून त्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात, पापडाइतकाही जाड नसतो. तो थर आहे तोवर पत्रा सुरक्षित. हौशी माणसे जुना रंग काढायला वाळूचा मारा करतात किंवा चक्री लावतात, चकचकीत होते, टाळ्या मिळतात, आणि तो थर गेलेला असतो. चार पावसाळ्यांत पांढरी भुकटी बाहेर येते. रंग काढायचा तर रसायनाने, हळू, हाताने, आणि प्रत्येक जोडपत्र्याच्या कडेत ते रसायन अडकून राहणार नाही अशा बेताने.

सातवी-आठवीत विज्ञानाच्या बाईंनी दाखवलेला प्रयोग आठवा. काचेच्या भांड्यात सौम्य गंधकाम्ल, एक पट्टी तांब्याची, एक जस्ताची, आणि बल्ब क्षणभर पेटायचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातला पोलादी बोल्ट आणि त्यावर समुद्राचे खारे पाणी, हा तोच प्रयोग आहे. फक्त बल्ब नाही, आणि झिजते ते जस्ताच्या जागी ॲल्युमिनियम. राणीच्या अंगात असे हजारो बोल्ट आणि रिव्हेट. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि उरलेले महिने समुद्रावरचा वारा. विमानाच्या पोटाला पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती चिखलाने, पाखरांच्या घरट्याने, गांधीलमाशीच्या मातीने बुजली की पाणी आत साचते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून मी तिथे जातो तेव्हा नाक आणि शेपट्या बघून झाल्यावर वाकून पोट बघतो. बरोबरच्या मंडळींना वाटते माझे काहीतरी पडले.

आणि इथेच ती वळणदार चौकटींची गोष्ट. बसच्या टपावर चिकटवतात तसे ठिगळ लावून भागते, पण मग ते विमान राहत नाही. मूळ पत्रा जितका ठेवता येईल तितका ठेवायचा, जो काढला तो फेकायचा नाही, कुठून काढला ते लिहून ठेवायचे. नवा घातला तर आतल्या बाजूला तारीख टाकायची, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्याला खरे काय आणि आपले काय ते कळेल. एका कोपऱ्यात रंगाचे थर कांद्यासारखे एकेक घासून पाहिले तर विमान आपले चरित्र स्वतः सांगते: वर नौदल, त्याखाली हवाई दल, आणि नशीब असेल तर सगळ्यांत खाली एअर इंडियाचा लाल रंग.

मग प्रश्न येतो, परत न्यायचे ते कुठल्या दिवसापर्यंत? माझ्या मते विमान जपण्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच, पत्र्यापेक्षाही. ऑस्ट्रेलियात हौशी मंडळींच्या एका संस्थेने अमेरिकी हवाई दलाचे टाकून दिलेले कॉन्स्टेलेशन ॲरिझोनाच्या वाळवंटात वर्षानुवर्षे खपून उडते केले आणि १९९६ मध्ये सिडनीला उडवत नेले. स्वित्झर्लंडमध्येही एक असेच उडत होते. ही दोन्ही मुळात लष्करी, सैन्याची ने-आण करणारी. पण रंगवली ती प्रवासी विमानासारखी, कारण लोकांना आठवतात ती प्रवासाची विमाने, आणि पैसे देतात तेही आठवणींसाठी. न्यूयॉर्कच्या विमानतळावर तर एका कॉन्स्टेलेशनचा २०१९ पासून बार केला आहे. आत बसून मद्य घ्यायचे. लुफ्तान्साने २००८ मध्ये एक पुन्हा उडवायचे म्हणून काम सुरू केले, दहा वर्षे प्रचंड पैसा ओतला आणि २०१८ मध्ये सोडून दिले. एवढ्या श्रीमंत कंपनीलाही झेपले नाही, ते ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्याकडे नेमके उलटे आहे. मुळात प्रवासी विमान, आणि उभे आहे ते लष्करी वेशात. सांताक्रूझचा माणूस म्हणून मला कधी कधी वाटते की तिला पुन्हा राणी करावे, खिडक्यांवरून लाल पट्टा, नाकावर देवनागरीत नाव. पण कारागीर म्हणून विचार केला की मत बदलते. प्रवासी विमान म्हणून ती राबली त्याच्या दुपटीहून अधिक काळ ती समुद्रावर पहारा देत फिरली. तिच्या अंगावरचा शेवटचा खरा रंग नौदलाचा आहे. तो खरवडून त्यावर आपल्या आवडीचा भूतकाळ चढवणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला लग्नातला कोट घालून बसवण्यासारखे. रंग आहे तोच राहू द्यावा. तिचे आधीचे आयुष्य सांगायचे ते शब्दांनी, चित्रांनी, माणसांच्या आठवणींनी सांगावे.

उडवण्याचा हट्टही नको. मला विचारतात, 'पुन्हा उडेल का?' इंजिनांचे सुटे भाग जगात दुर्मीळ, ती इंजिने ओळखणारे हात त्याहून दुर्मीळ. आणि उडणारे विमान कधीतरी पडते. जे एकच उरले आहे ते जमिनीवर बरे.

उघड्यावर ठेवल्याबद्दल संग्रहालयाला नावे ठेवणे सोपे आहे. साडेसदतीस मीटर पंखाला छप्पर घालणे किती खर्चाचे, हे हँगरमध्ये काम केलेल्या माणसाला माहीत असते. शिवाय ते नुसते 'आहे' हीच मोठी गोष्ट, हे आपण मुंबईकरांनी तरी ओळखावे. आपल्या डोळ्यांदेखत 'विक्रांत' गेली. १९६१ ते १९९७ नौदलात, मग २००१ पासून संग्रहालय. आपल्यापैकी कितीतरी जण मुलांना घेऊन तिच्या डेकवर चढले असतील. पोटाचा पत्रा पाण्याखाली सडत गेला, २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली, जनहित याचिका झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकलेले ते जहाज दारूखान्यात तोडायला घेतले. त्यातल्या पोलादाचे काही मोटारसायकलींच्या टाक्यांत गेले. लायन गेटजवळ एक छोटे स्मारक आहे. बस्स. तेव्हा वर्तमानपत्रांत खूप हळहळ छापून आली. हळहळणारे बहुतेक शेवटच्या दहा वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नव्हते, असे मला आपले वाटते.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या बागेत मरुत हे भारतात आखून घडवलेले पहिले लढाऊ जेट उभे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरला बनले, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडाले. घाटकोपरहून गोव्यापेक्षा बरेच जवळ. नातवंडांना सुट्टीत तिथे नेणे अवघड नाही. पत्र्याच्या कडा, रिव्हेटच्या रांगा, पोटाखालची भोके बघायला शिकवा. बागेतला घसरगुंडीचा शेजारी म्हणून बघण्यापेक्षा जास्त मजा येते.

राणीचे कागद, म्हणजे कोणत्या तारखेला कोणते इंजिन बदलले, कुणाची सही, हे कुठेतरी फायलींत असेल नसेल. पण सांताक्रूझच्या त्या शेडमधली माणसे आपल्याच गल्ल्यांत राहत होती: घाटकोपर, विलेपार्ले, कालिना, अंधेरी. आपल्या 'ब' तुकडीत निदान तिघांचे वडील तिथे कामाला होते, माझ्या आठवणीप्रमाणे. दोघांच्या घरी विमानासमोर ओळीने उभ्या असलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर होते, आणि तेव्हा त्यातल्या प्रत्येकाचे नाव सांगणारे कोणीतरी घरात होते. आता ते नाव सांगणारे ऐंशी-नव्वदीत असतील किंवा नसतील. फोटो मात्र माळ्यावर असणार.

संमेलनाच्या दिवशी सकाळी नऊपासून तळमजल्यावर चित्रकलेच्या खोलीत मी एक टेबल मांडून बसणार आहे. स्कॅनर आणतो. फोटो, ओळखपत्र, पगाराचे पाकीट, ओव्हरऑलवरचा बिल्ला, काहीही असेल तर घेऊन या. तिथल्या तिथे प्रत काढून मूळ वस्तू तुमच्या हातात परत देईन. फोटोच्या मागे नावे लिहिलेली असतील तर उत्तम. नसतील तर ज्यांना चेहरे ओळखता येतात त्या आई-वडिलांना, काका-मावशींना घेऊन या. रॅम्प आहे, खुर्चीवरून येता येईल. सगळ्या प्रती आणि नावांची यादी मी नौदलाच्या संग्रहालयाला पाठवेन, आणि एक संच आपल्या शाळेच्या वाचनालयात ठेवेन.